चार फुटांची पाणंद, अकरा नावांचा सातबारा : राजापूरकडच्या एका घराचा ट्रॅक्टर

राजापूर तालुक्यातलं एक घर. वडील ६१ वर्षांचे, मुलगा २७ चा. ताब्यात ६० गुंठे भाताचे कुणगे (बांध घातलेले लहान तुकडे), साडेतीन एकरांत हापूसची १४० कलमं आणि एकरभर काजू. बैलांचं जोत चार वर्षांपूर्वी विकलं. तेव्हापासून चिखलणीला, म्हणजे लावणीआधी पाण्यात माती कालवायला, शेजारच्या गावातला ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर भाड्याने येतो. सगळ्यांची शेतं झाली की येतो, आणि तोवर तरवा (लावणीची रोपं) पंचवीस दिवसांच्या पुढे गेलेला असतो. २४ अश्वशक्तीचा, चारही चाकांना जोर असलेला मिनी ट्रॅक्टर घ्यायचा असं मुलाच्या मनात पक्कं आहे. विक्रेत्याचं कोटेशन आलंय, कर्जाचा फॉर्मही अर्धा भरलाय. प्रश्न दोन : हे यंत्र या शेताचं आहे का, आणि हे कर्ज या घराचं आहे का?

एक आधीच सांगायला हवं. पुढचे भाव एका हंगामातले, एका दुकानातले आहेत. आकडे आपापले घालावेत, हिशोबाची रीत तीच राहते.

आधी फूटपट्टी, मग अश्वशक्ती

माहितीपत्रक अश्वशक्तीपासून सुरू होतं. कोकणात सुरुवात पाणंदीपासून करावी लागते. या घराच्या कुणग्यांकडे जाणारी पाणंद दोन्ही बाजूंनी जांभ्याच्या गडग्यांत (दगडी कुंपणांत) आहे. सरळ भागात रुंदी ४ फूट २ इंच, पण फणसाजवळच्या वळणावर ३ फूट ११ इंच. भाड्याचा मोठा ट्रॅक्टर म्हणूनच पाणंदीने येत नाही. तो खालच्या अंगाने तिघांचे बांध मोडून येतो, आणि ते बांध भरून द्यायची मजुरी भाड्यात धरलेली नसते.

मिनी ट्रॅक्टरची बाहेरून बाहेर रुंदी टायर आणि चाकांच्या जोडणीनुसार साडेतीन ते चार फूट भरते. म्हणजे काही मॉडेलं वळणावरून जातील, काही गडग्याला घासतील. माहितीपत्रकात बहुधा दोन चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर दिलेलं असतं. टायरची अर्धी-अर्धी जाडी त्यात नसते, म्हणून माप टायरच्या बाहेरच्या कडेपासून स्वतः घ्यावं. केजव्हील, म्हणजे चिखलात चालायची लोखंडी पिंजऱ्याची चाकं, लावल्यावर रुंदी आणखी वाढते. त्यामुळे ती पाणंदीबाहेर लावून आणता येत नाहीत, शेतात नेऊन, जॅक लावून तिथेच चढवावी लागतात. चिखलात जॅक बसत नाही, त्याच्याखाली घालायला फळी सोबत हवी. डेमोच्या दिवशी यातलं काही दिसत नाही, कारण डेमो दुकानामागच्या मैदानात होतो. डेमो हवा तो आपल्या कुणग्यात आणि पाणी उभं असताना.

६० गुंठ्यांत १७ कुणगे आहेत. मोठ्यात मोठा आठ गुंठ्यांचा, लहानात लहान दीड गुंठ्याचा. दीड गुंठ्यात तीन फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांचं अवजार) घेऊन वळायचं म्हणजे निम्मा वेळ वळण्यातच जातो. हिशोब असा : ०.९ मीटर रुंदी आणि ताशी अडीच किलोमीटर वेग धरला तर कागदावर तासाला ०.२२५ हेक्टर काम. त्यातलं निम्मं वळणं, उचलणं आणि बांध ओलांडणं यांत गेलं, तर एकराला साधारण साडेतीन तास. उखळणीचा (पहिल्या नांगरणीचा) एक आणि चिखलणीचे दोन हात मिळून या घराचं वर्षाचं भाताचं काम १६ तासांचं. कापणीनंतर ओलीवर कुळीथ, चवळी टाकायची तर आणखी तीन तास. शेणखत, आंब्याच्या पेट्या यांच्या वाहतुकीला ट्रॉली घेतली तर ४० तास. एकूण सुमारे ६०.

फवारणी यात मुद्दाम धरलेली नाही. कलमांना मोहोराआधीपासून फळ बोरापेक्षा मोठं होईपर्यंत साधारण सहा फवारण्या होतात. एका बंदुकीने दर झाडाला चारेक मिनिटं धरली तरी १४० झाडांना नऊ तास, म्हणजे सहा वेळा मिळून ५४. विक्रेता हे तास ट्रॅक्टरच्या खात्यात घालतो आणि ‘बघा, वापर किती आहे’ म्हणतो. पण घरात एचटीपी (जास्त दाबाचा फवारणी) पंप आणि त्याचं छोटं इंजिन आधीच आहे. त्याच कामासाठी ट्रॅक्टरचं इंजिन पीटीओवर (अवजाराला इंजिनचा जोर देणाऱ्या मागच्या दांड्यावर) फिरवत ठेवलं तर डिझेल जास्त जातं आणि तासमीटर फुकट पळतो. शिवाय ५०० लिटरची टाकी मागे घेऊन आडव्या उतारावर चालणं मिनी ट्रॅक्टरला बरं नव्हे. चाकांतलं अंतर कमी, टाकीतलं पाणी एका बाजूला धावतं आणि तोल जातो.

अश्वशक्ती किती, वजन किती

पत्र्यावर लिहिलेली अश्वशक्ती इंजिनची असते, रोटाव्हेटर फिरतो तो पीटीओच्या अश्वशक्तीवर. २४ च्या इंजिनामागे पीटीओला २० ते २२ मिळतात. चिखलात रोटाव्हेटरच्या फुटामागे पीटीओची सहा अश्वशक्ती धरली तर तीन फुटी अवजार नीट चालतं, चार फुटी लावलं की इंजिन दबतं. दुकानदार चार फुटी ‘त्याच भावात’ देतो म्हणाला तरी घेऊ नये. खरा आकडा सरकारी चाचणी अहवालात मिळतो. ट्रॅक्टरची चाचणी मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रात होते. अनुदानाला तो अहवाल लागतोच, तेव्हा विक्रेत्याकडून प्रत मागून पीटीओचा आकडा वाचावा.

भाताच्या चिखलात फक्त मागच्या दोन चाकांना जोर असलेला मिनी ट्रॅक्टर घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मागची चाकं जागच्या जागी फिरून खड्डा करतात, आणि बाहेर काढायला शेवटी तोच ४५ वाला बोलवावा लागतो. पण जास्त वजन हाही उपाय नव्हे. चिखलाखाली वर्षानुवर्षांच्या नांगरटीने एक घट्ट थर तयार झालेला असतो, तो पाणी धरतो. आपल्या जांभ्याच्या जमिनीत पाणी आधीच लवकर जिरतं. जड ट्रॅक्टरने तो थर फोडला की त्या कुणग्यात पाणी ठरत नाही, आणि दुसऱ्या वर्षी चाक आणखी खोल जातं. या घराच्या खालच्या तीन कुणग्यांत नेमकं हेच झालं आहे. मोठा ट्रॅक्टर यायला लागल्यापासून तिथे पाऊस दोन दिवस थांबला की भेगा दिसतात.

म्हणजे यंत्र हलकं, अरुंद आणि चारही चाकांना जोर असलेलं हवं. मुलाची निवड यंत्र म्हणून चुकीची नव्हती, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

पैशाचं गणित

कोटेशन असं : ट्रॅक्टर ५,७५,०००, तीन फुटी रोटाव्हेटर ८०,०००, केजव्हीलची जोडी १५,०००, नोंदणी आणि विमा २०,०००. एकूण ६,९०,०००. ट्रॉली यात नाही. ट्रॅक्टरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधीचं कोटेशन कोणी पुढे केलं तर ते बाजूला ठेवून नवं मागावं.

घरातले १,९०,००० घालून पाच लाखांचं कर्ज. विक्रेत्याच्याच टेबलावर एका वित्तकंपनीचा माणूस बसलेला होता. ‘काका, कागद काही नकोत. आधार, सातबारा आणि बँकेचं पासबुक. नऊ टक्के व्याज, चार वर्षं, सहा महिन्यांनी हप्ता.’ हप्ता ८५,०००, असे आठ.

हे नऊ टक्के ‘फ्लॅट’ आहेत. पाच लाखांवर नऊ टक्क्यांनी चार वर्षांचं व्याज १,८०,००० एकदम काढलं, मुद्दलात मिळवलं आणि आठाने भागलं. प्रत्यक्षात दर हप्त्याला मुद्दल कमी होत जातं, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण पाच लाखांवर आकारलेलं असतं. घटत्या शिलकीवर काढलं तर हाच दर वर्षाला पावणेपंधराच्या आसपास येतो. त्यात प्रक्रिया शुल्काचे १०,००० आणि कर्जदाराच्या विम्याचे ८,००० आधीच कापले जाणार. हातात ४,८२,००० येणार आणि हप्ता मात्र पाच लाखांवरचाच. ते धरलं की दर १६.७ टक्के. विचारायचा प्रश्न एकच : ‘घटत्या शिलकीवर वार्षिक दर किती, आणि माझ्या हातात नेमके किती रुपये येणार?’ दोन्ही आकडे कागदावर लिहून घ्यावेत. लिहून द्यायला टाळाटाळ झाली की काय समजायचं ते समजतं.

बँकेचा दर ११.५ टक्के, घटत्या शिलकीवर. पाच वर्षांत दहा सहामाही हप्ते केले तर हप्ता ६७,१३२ आणि एकूण व्याज सुमारे १,७१,०००. वर्ष एक जास्त असूनही व्याज वित्तकंपनीच्या चार वर्षांपेक्षा कमी. मग वित्तकंपनीकडे कोण जाईल? कोकणात पुष्कळ जण जातात, कारण बँक जमीन गहाण मागते.

आणि सातबाऱ्यावर नावं अकरा. आजोबांचे तीन मुलगे, त्यांची मुलं, एक आत्या, दोन मयतांची नावं वारसनोंद न होता तशीच. चौघे मुंबईत, एक डोंबिवलीला, एकाचा पत्ताच नाही. जमीन तोंडी वाटपाने गेली चाळीस वर्षं ज्याची तो कसतो. बँकेचा वकील तोंडी वाटप मानत नाही, त्याला सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या हव्यात. ‘कागद काही नकोत’ या वाक्याची किंमत दरातला पाच टक्क्यांचा फरक आहे, ती अशी इथे वसूल होते.

समजा, बँकेचंच कर्ज मिळालं. वर्षाचे दोन हप्ते मिळून १,३४,२६४, विमा आणि किरकोळ १०,०००. म्हणजे वर्षाला १,४४,००० रोख बाहेर जाणार. मिनी ट्रॅक्टरच्या भाड्याचा दर तासाला ९०० धरला. त्यातून डिझेल २००, चालवणाऱ्याचे १००, झीज-दुरुस्ती ६० वजा केले की ५४० उरतात. १,४४,००० ला ५४० ने भागलं तर वर्षाला २६७ तास काम हवं. घरचे ६० तास ट्रॉलीसकट धरले, म्हणजे ट्रॉलीचे पैसे निराळेच. बाहेरचे २०७ तास हवेत.

ते मिळणार कुठे? जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत चिखलणी. महिन्यातले आठ दिवस अतिवृष्टी, बिघाड आणि वाट बघणं यांत गेले तर २२ दिवस उरतात. रोज प्रत्यक्ष काम पाच तास, म्हणजे ११० तास. घरचं वगळून १०० उरतात. कापणीनंतरचे ३० धरा. सगळं मिळून १९०, आणि ७७ तास कमी. त्याचे ४१,५०० दरवर्षी आंब्यातून घालावे लागणार. मोहोर चांगला आला त्या वर्षी हे जमेल. न आला तर हप्ता चुकेल, आणि हप्ता चुकला की ट्रॅक्टर ओढून नेतात.

चिऱ्यांची वाहतूक करून भर घालू, असं मुलाचं उत्तर होतं. शेतीसाठी नोंदलेल्या ट्रॅक्टरवर भाड्याने चिरे, वाळू वाहणं नियमात बसत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. आणि मिनी ट्रॅक्टरच्या मागे चिऱ्यांची ट्रॉली लावून उतारावर जाणं म्हणजे मागचं ओझं पुढच्या यंत्राला ढकलत नेणार. हा मार्ग हिशोबात धरलाच नाही.

मग टिलर?

१३ अश्वशक्तीचा पावर टिलर, म्हणजे मागून चालत हॅंडलने चालवायचं दोन चाकांचं यंत्र, केजव्हीलसकट २,२०,०००. पाणंदीतून सहज जातो, दीड गुंठ्यात जागच्या जागी वळतो, चारशे किलोच्या आसपास वजन, त्यामुळे थर फोडत नाही. वेग कमी. दोन फुटी रुंदीने एकराला साडेपाच तास, म्हणजे घरचे तीन हात २५ तासांचे.

त्याचा खरा खर्च पायांचा आहे. दोन फुटांच्या पट्ट्याने एक एकर एकदा करायला पावणेसात किलोमीटर चालावं लागतं. दीड एकर तीन वेळा म्हणजे तीस किलोमीटर, गुडघाभर चिखलात, हातात थरथरतं हॅंडल. ६१ वर्षांच्या माणसाने हे करू नये. टिलर म्हणजे मुलगा, आणि मुलगा जुलैत गावात असणार की नाही, हा प्रश्न घरात मोकळेपणाने विचारायला हवा होता. विचारला. राहणार म्हणाला.

पैसे : दर तासाला ६००, खर्च वजा जाता ३००. घरचे २५ आणि बाहेरचे ९५ तास मिळून ३६,००० वर्षाला. खरं सांगायचं तर टिलरही कर्जाच्या काळात स्वतःचं पूर्ण भागवत नाही. वर्षाचा हप्ता ६१,९१७ (तो कसा ठरला ते पुढे), म्हणजे सुमारे २६,००० कमी पडतात. फरक इतकाच की तुटवडा तीन वर्षं, ट्रॅक्टरचा पाच वर्षं आणि दीडपट.

आणि भाड्यानेच काम करून घेतलं तर? १६ तासांचे ९०० प्रमाणे १४,४००. याहून स्वस्त काहीच नाही. निव्वळ पैसा बघणाऱ्याने इथेच थांबावं. पण पाणंदीत मावणारं भाड्याचं यंत्र वाडीत एकही नाही, आणि लावणी उशिरा झाली की फुटवे कमी. घराचा निर्णय वेळेवर चिखलणीसाठी होता, नफ्यासाठी नव्हता. तो तसा उघड बोलून घेतल्यावर टिलर ठरला आणि कर्जाची रक्कम आपोआप खाली आली.

कर्ज कसं बसवलं

रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून विनातारण शेतीकर्जाची मर्यादा दर कर्जदारामागे १.६० लाखांवरून २ लाख केली. ही मर्यादा सगळ्या शेतीकर्जांची मिळून असते. वडिलांच्या नावावर ४५,००० पीककर्ज आहे, म्हणून मागणी १,५०,००० ची ठेवली. बेरीज १,९५,०००. दोन लाख मागितले असते तर गहाणाचा आणि पर्यायाने अकरा सह्यांचा विषय पुन्हा आला असता. उरलेले ७०,००० घरचे. पीककर्जच वाढवून त्यातून यंत्र घ्यावं, असा सल्लाही कोणी दिला होता. पीककर्ज दरवर्षी पूर्ण भरून नवं करायचं असतं, तेव्हाच वेळेवर फेडीची व्याजसवलत मिळते. यंत्रात अडकलेला पैसा वर्षाने उभा राहत नाही आणि सवलतही जाते.

हप्त्याच्या महिन्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. छापील अर्जात हप्ते मे आणि नोव्हेंबर. दिवाळीचा हप्ता हा घाटावरचा हिशोब, तिथे सोयाबीन विकलेलं असतं. इथलं भात घरात खायला जातं, आणि नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत औषधं, राखण, मजुरी यांत पैसा फक्त बाहेर जातो. घरात येतो तो काजूचा मार्चपासून आणि आंब्याचा एप्रिल-मेमध्ये. म्हणून वर्षाला एकच हप्ता, ३१ मेला. सहामाहीने ३०,२६५ चे सहा हप्ते होते, वार्षिक ६१,९१७ चे तीन. व्याज चार हजारांनी जास्त जातं. ते द्यावं.

अनुदानाचा क्रम चुकला तर अनुदान बुडतं. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज, त्याला शेतकरी ओळख क्रमांक हवा. निवड झाली की कोटेशन आणि चाचणी अहवाल अपलोड. मग पूर्वसंमती. पूर्वसंमतीच्या तारखेनंतरचंच बिल चालतं. त्यानंतर खरेदी, बिल अपलोड, यंत्राची तपासणी, आणि शेवटी आधार जोडलेल्या खात्यात रक्कम. अल्प, अत्यल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के, इतरांना ४०, आणि दोन्हींना रकमेची कमाल मर्यादा. दुकानदार ‘आधी न्या, अनुदान मागून येईल’ म्हणतो, तेव्हा त्याचं बिल होतं आणि आपला अर्ज बाद होतो. अनुदान शेवटी येत असल्याने सुरुवातीला पूर्ण किमतीची सोय लागतेच. आलं की ते मुद्दलात भरायचं, म्हणून मुदतीआधी फेडीवर दंड नाही हे मंजुरीपत्रातच बघून घेतलं.

पहिल्या पावसात काय बिघडेल

टिलरच्या डाव्या-उजव्या चाकाचा जोर सोडायला निराळे क्लच असतात. उतारावरून खाली आणताना डावा क्लच दाबला की टिलर उजवीकडे वळतो. सपाटीवर ज्या बाजूचा क्लच दाबला त्या बाजूला वळतो, पण उतारावर इंजिन चाकांना अडवत असतं, आणि सोडलेलं चाक पुढे पळतं. नवखा माणूस घाबरून तोच क्लच आणखी दाबतो आणि यंत्रासह खालच्या कुणग्यात जातो. उतारावर क्लचला हात न लावता, पहिल्या गिअरमध्ये, हॅंडल अंगाने वळवून उतरायचं. बांध ओलांडताना रोटरी बंद. मागे घेताना तर नक्कीच बंद, पाय तिथेच असतात.

रोज संध्याकाळी पात्यांत गुंडाळलेलं गवत काढायचं. ते ऑइल सीलपर्यंत गेलं की सील फाटतं, तेल बाहेर येतं आणि चिखल आत जातो. तेल दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय, त्याच दिवशी बदलायचं. दोन सील, एक व्ही-बेल्टचा संच, पात्यांचे डझनभर बोल्ट मे महिन्यातच घरात आणून ठेवायचे. जुलैत अणुस्कुरा घाटात दरड आली की कोल्हापूरहून येणारं पार्सल अडकतं, आणि चिखलणी पार्सलची वाट बघत नाही. जांभ्याचे खडे वर आलेल्या कुणग्यात पाती लवकर झिजतात. तिथे वेग कमी ठेवावा आणि पाती अर्धी झाली की संच पूर्ण बदलावा, एखाददुसरं नवं घातलं तर थरथर वाढते.

हंगाम संपल्यावर गोड्या पाण्याने धुणं, उघड्या लोखंडाला वापरलेलं इंजिन ऑइल, बेल्ट सैल, आणि डिझेलची टाकी भरलेली. रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी धरतं आणि पंपात गंज येतो.

मुलाने एक वही घातली आहे : तारीख, कुणगा, तास, डिझेल, कोणाचं काम, पैसे आले की राहिले. दोन हंगामांत बाहेरचे तास दीडशेच्या वर गेले तर मिनी ट्रॅक्टरचं कोटेशन पुन्हा काढायचं ठरलं आहे. तोवर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज तहसीलदारांकडे दिला आहे. नोटिसा निघाल्या. डोंबिवलीची परत आली आहे, पत्ता बदललाय म्हणून.